अफू, कापूस आणि मटका : कसाऱ्याच्या वाटेवरून गेलेला झटपट पैसा

मुरबाडच्या बाजारात किंवा आसनगावच्या फलाटावर ‘कल्याणचा आकडा’ हे शब्द कानी पडले की तो आपल्या शेजारच्या कल्याण शहराचा असेल, असेच कुणालाही वाटते. ते नाव शहराचे नाही, माणसाचे आहे. कच्छमधून मुंबईत आलेल्या कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीत मटका सुरू केला आणि त्यांचे नाव त्या खेळाला कायमचे चिकटले. मात्र या खेळाचे मूळ शोधायचे तर आणखी सव्वाशे वर्षे मागे, अफूच्या लिलावापर्यंत जावे लागते.

१८४० च्या दशकात मुंबईचे व्यापारी एका विचित्र गोष्टीवर पैजा लावत असत. कलकत्त्याच्या पुढच्या सरकारी लिलावात अफूला सरासरी भाव किती मिळेल? अफू त्यांनी विकत घेतलेली नसे, विकायचीही नसे. अशाच एका पैजेचा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. १८४८ च्या या रामलाल ठाकूरसीदास प्रकरणात न्यायाधीशांनी खेद व्यक्त करत का होईना, पैज कायदेशीर ठरवली. कारण पैजा रद्द ठरवणारा इंग्लंडचा १८४५ चा कायदा हिंदुस्थानला लागू नव्हता. त्याच वर्षी कंपनी सरकारने येथे स्वतंत्र कायदा करून पैजेचे करार निरर्थक ठरवले.

ज्या राज्यकर्त्यांनी हा कायदा केला, त्यांच्या धर्मात जुगाराविषयी काय सांगितले आहे? प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. चिठ्ठ्या टाकून निर्णय घेणे ख्रिस्ती परंपरेत पाप नाही. यहूदाच्या जागी मथियाची निवड प्रेषितांनी तशीच केली. पण क्रूसाखाली बसलेल्या शिपायांनीही येशूच्या वस्त्रासाठी चिठ्ठ्याच टाकल्या होत्या. आक्षेप आहे तो पैशासाठी खेळण्यावर. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील एल्विरा येथे भरलेल्या धर्मसभेने पैसे लावून फासे खेळणाऱ्या श्रद्धावंताला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याचा नियम केला. सुधारला तर वर्षभराने पुन्हा प्रवेश. पुढे जॉन वेस्लीने १७६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पैशाविषयीच्या प्रवचनात कसून कमवा असे सांगितले, पण शेजाऱ्याचे नुकसान करून नव्हे. प्रोटेस्टंट विरोधाचा गाभा हाच आहे. व्यापारात देवाण-घेवाण असते; जुगारात नुसती घेवाण. कॅथलिक भूमिका थोडी सौम्य आहे. खेळ स्वतःहून अन्यायाचा नाही, पण त्यापायी कुणाच्या गरजेचा घास जात असेल तर तो अमान्य.

हे मानणारी माणसे तेव्हा मुंबई इलाख्यात होतीच. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून अहमदनगरहून निघत होते. शहापूर-मुरबाडच्या रानांत आजही राहणाऱ्या कातकऱ्यांवर १८४३ मध्ये निबंध प्रसिद्ध करणारे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ पासून मुंबईत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत पुढचे सारे घडले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस अडला आणि आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला. आगगाडी त्याच वर्षाच्या १ जानेवारीला कसाऱ्यापर्यंत पोहोचली होती. घाटातील लोहमार्ग १८६५ मध्ये खुला होईपर्यंत घाटमाथ्यावरचा माल गाड्यांनी थळघाट उतरून कसाऱ्याला रुळांवर चढे आणि आसनगाव, वासिंदवरून मुंबईला जाई. शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या त्या गाठींत निदान खरा कापूस होता. मुंबईत मात्र त्या पैशावर कागदाचा बाजार उभा राहिला. समुद्र हटवून जमीन काढू पाहणाऱ्या ‘बॅक बे’ कंपनीचा पाच हजारांचा शेअर सुमारे दहापट भावाला गेला. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला. १ जुलै ही वायदे पुरे करण्याची तारीख होती. त्या दिवशी देणी भागवायला कुणाकडे पैसे नव्हते. शेअर तारण घेऊन सढळ हाताने कर्जे वाटणारी बँक ऑफ बॉम्बे खिळखिळी झाली, १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. या बँकेत खुद्द सरकार भागधारक होते. कापसाचे भाव कोसळल्यावर सावकाराच्या कचाट्यात सापडलेला शेतकरी वेगळाच. त्याच्या हालांना एकटा सट्टा जबाबदार नव्हता, जमीन महसूलही होता. पण त्याने तर एकही शेअर घेतला नव्हता.

यानंतरही कापसाची पैज संपली नाही. विसाव्या शतकात न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर मुंबईत आकडे लागू लागले. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथलेच. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले, तेव्हा आकडे चिठ्ठ्यांवर लिहून मटक्यातून काढले जाऊ लागले. नंतर पत्ते आले, १९६४ मध्ये रतन खत्रींचा वेगळा मटकाही आला. कापूस गेला आणि नुसता आकडा उरला.

त्याचे गणित शून्य ते नऊ या दहा आकड्यांचे. आकडा लागला तर साधारणपणे रुपयाला नऊ रुपये. दहाही आकड्यांवर रुपया-रुपया लावून पाहा : दहा जातात, नऊ येतात. एक रुपया दर वेळी मटकेवाल्याकडे राहतो, मग जिंको कुणीही. वेस्लीला हे गणित ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्याचा मुद्दा नेमका इथेच लागू पडतो.

जुगाराला विरोध करणाऱ्यांचे हात मात्र स्वच्छ होते असे समजू नये. कलकत्त्याचे सेंट जॉन चर्च १७८७ मध्ये पुरे झाले, त्याच्या खर्चाचा एक भाग सार्वजनिक लॉटरीतून उभा केला होता. आपल्याकडे जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे, मटकेवाल्यांवर खटले त्याच कायद्याखाली होतात. आणि १९६९ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्वतःची लॉटरी सुरू केली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. तोवर कसारा लोकलमध्ये आकडा लावायला चिठ्ठी लिहिणाऱ्याचीही गरज उरली नव्हती.