बिनज्योतीची मेणबत्ती: बोळिंजच्या घरात पोहोचलेला इतिहास

१/ वसई तालुक्यातील बोळिंज, आगाशी, नंदाखाल या पट्ट्यात समई आणि मेणबत्ती पिढ्यान्‌पिढ्या शेजारीशेजारी तेवत आल्या. आज तेथील एखादे घर चार्जिंगची, बिनज्योतीची मेणबत्ती निवडते, तेव्हा त्या निवडीमागे मोठा इतिहास उभा असतो.

२/ १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि चर्चच्या वेदीवर मेणबत्ती आली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. सत्ता पालटली, तरी ख्रिस्ती वस्ती आणि तिची उपासना टिकली.

३/ मधमाश्यांचे मेण महाग, चरबीची मेणबत्ती धुरकट. १८२५ मध्ये शेव्रल व गे-ल्यूसाक यांनी स्टिअरिक आम्लाच्या मेणबत्तीचे पेटंट घेतले. १८५० मध्ये जेम्स यंग यांनी कोळशापासून पॅराफिन काढण्याचे पेटंट मिळवले. मेणबत्ती स्वस्त झाली. आगीचे भय मात्र कायम राहिले.

४/ ते भय टाळणारी साधने विसाव्या शतकाच्या अखेरीस आली: १९९१ मध्ये बाजारात उतरलेली लिथियम-आयन बॅटरी आणि १९९० च्या दशकातील तेजस्वी निळा एलईडी, ज्यातून पुढे पांढरा प्रकाश साधला.

५/ निवडताना काय पाहावे? खऱ्या ज्योतीचा रंग सुमारे १९०० केल्विन असतो. त्याच्या जवळचा आकडा घ्यावा. एका चार्जिंगमध्ये किती तास चालते आणि बॅटरी बदलता येते का, हेही तपासावे.

६/ व्हॅटिकनच्या १९८८ च्या सूचनेनुसार ईस्टरची मेणबत्ती मेणाचीच हवी, कृत्रिम कधीही नको. घराला असे बंधन नाही. तरीही जळणारी मेणबत्ती प्रकाश देता देता स्वतः संपते, आणि तिचा अर्थ त्या संपण्यात आहे. म्हणून पडद्यापाशी, पाळण्याजवळ बिनज्योतीची ठेवावी. प्रार्थनेच्या घटकेला, कुणी समोर बसलेले असताना, मेणाची लावावी.