सुरूच्या काढ्याची कुळकथा

कोकणच्या किनाऱ्यावर वारा अडवायला लावलेलं सुरूचं झाड बुरशीच्या औषधात शिरलं कसं? भारतातले बायोडायनॅमिक शेतकरी पिकांवरच्या बुरशीसाठी सुरूच्या सुया उकळून काढा करतात. त्याचं मूळ शोधत गेलं की वाट युरोपातल्या हॉर्सटेल नावाच्या तणापाशी पोचते.

द्राक्षावरच्या बुरशीच्या औषधांचा ठरलेला इतिहास बागायतदारांना पाठ आहे. भुरीवर गंधक, केवड्यावर मोरचूद-चुना. ते बोर्डो मिश्रण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी 1885 मध्ये जाहीर केलं. पण मोरचुदातलं तांबं जमिनीत साचत जातं. युरोपीय संघाने आता त्यावर सात वर्षांत हेक्टरी 28 किलोची मर्यादा घातली आहे.

काढ्याची कुळी मात्र जून 1924 मधल्या कोबरविट्झच्या व्याख्यानांपाशी लागते. गाव तेव्हा जर्मनीत, आज पोलंडमध्ये. तिथे बायोडायनॅमिक शेतीचे जनक रुडॉल्फ स्टाइनर यांचं म्हणणं असं, की ओल आणि चंद्राचा प्रभाव वाढला की बुरशी माजते आणि हॉर्सटेलचा पातळ काढा तो जोर उतरवतो. शिंपायचा मात्र जमिनीवर! 2014 मध्ये युरोपीय संघाने द्राक्षाच्या भुरी-केवड्यासाठी हॉर्सटेलला ‘मूलभूत पदार्थ’ म्हणून मान्यता दिली, तेव्हा काढा पानांवर आला होता आणि चंद्र कागदावरून गेला होता.

चंद्राच्या जागी सिलिका बसली. हॉर्सटेलमध्ये ती इतकी असते की जर्मनीत त्याने कथलाची भांडी घासत. 1992 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी द्राक्षाच्या पानांवर विद्राव्य सिलिकॉन फवारलं आणि भुरी कमी झाली. मुळांतून दिल्यावर मात्र फरक पडला नाही. पानांच्या बाजूने हा मोठाच पुरावा.

तरीही हिशोब जुळत नाही. त्या प्रयोगातल्या फवाऱ्यात लिटरला साधारण 1 ग्रॅम सिलिका होती. साध्या पाण्यात ती लिटरला जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी विरघळते, आणि काढा तर वापरण्याआधी आणखी पातळ करतात. तेव्हा काम सिलिकेपेक्षा झाडातल्या फिनॉलिक द्रव्यांचं असावं, हाच अंदाज जास्त पटतो.

मग सुरूचं काय? हॉर्सटेल नेच्यांच्या गोतातलं, सुरू फुलणारा वृक्ष. दोघांत नातं काहीच नाही. सांधेदार हिरव्या काड्या तेवढ्या सारख्या दिसतात, आणि लिनिअसने सुरूला ‘इक्विसेटिफोलिया’ म्हणजे हॉर्सटेलच्या पानांची, म्हटलं ते त्यामुळेच. सुरूतही सिलिका आहे, असं या काढ्याचे समर्थक सांगतात. पण बदली झाली ती दिसण्यावरूनच, असं मानायला भरपूर जागा आहे.

नाशिकच्या बागायतदाराने ऑक्टोबर छाटणीनंतर, पाऊस डोक्यावर असताना, सगळी बाग सुरूच्या भरवशावर सोडू नये. एका ओळीला काढा द्यावा, शेजारची कोरी ठेवावी आणि दोन्हींवरचे डाग मोजावेत.