१४ एप्रिल : अपघात व आपत्ती

१४ एप्रिल या तारखेला जगात घडलेल्या दुर्घटनांपैकी मुंबई गोदीतील १९४४ चा स्फोट मराठी वाचकाला सर्वांत जवळचा. भारतभर हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, तो त्या स्फोटात बळी पडलेल्या ६६ अग्निशामकांच्या स्मरणार्थ.

१९१२ : ‘टायटॅनिक’ उत्तर अटलांटिकमध्ये रात्री ११.४० वाजता हिमनगावर आदळली. बुडाली ती १५ तारखेच्या पहाटे २.२० ला. जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती, जीवरक्षक होड्यांत जागा होती १,१७८ जणांची. सुमारे १,५०० जण दगावले. या अपघातामुळेच १९१४ साली सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला.

१९३५ : अमेरिकेत ओक्लाहोमा, टेक्सस व आसपासच्या पठारांवर धुळीचे प्रचंड वादळ आले. भर दिवसा अंधार झाला. अनिर्बंध नांगरटीने उघडी पडलेली माती, त्यात सलग अवर्षण. त्याच महिन्यात मृदासंधारणाचा कायदा झाला.

१९४४ : ‘फोर्ट स्टिकीन’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज कराचीमार्गे मुंबईला येऊन १२ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत लागले. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटा; कराचीत त्यांच्या जोडीला कापसाच्या हजारो गाठी आणि वंगण तेल चढवले गेले. स्फोटके आणि कापूस यांना एकाच जहाजात शेजार देणे हा उघड अविचार होता. युद्धाच्या घाईत तो खपून गेला. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास जहाजाच्या दुसऱ्या खणातून धूर दिसला. बंब आले, शेकडो टन पाणी ओतले, पण आगीचे मूळ हाती लागेना. जहाज जागीच बुडवावे की ओढून समुद्रात न्यावे, याबद्दल कप्तान, गोदीचे अधिकारी, दारूगोळ्याचे जाणकार आणि अग्निशमन दल यांची मते जुळेनात. निर्णायक हुकूम कोणीच दिला नाही. पाणी मारणारी माणसे मात्र जागेवरून हलली नाहीत.

४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि गोदीच्या मनोऱ्यावरील घड्याळ त्याच आकड्यावर थांबले. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, पहिल्याहून मोठा. शेजारचे ‘जलपद्म’ जहाज उचलले जाऊन गोदीच्या शेडवर आदळले. मैलभर अंतरावरच्या एका घरात सोन्याची वीट छत फोडून आली. शिमल्याच्या भूकंपमापकावरही हादरा नोंदला गेला. आग गोदीलगतच्या वखारींत व वस्त्यांत पसरली. मृतांचा सरकारी आकडा सातशेच्या पुढे जातो, इतर अंदाज तेराशेपर्यंत. रोजंदारीच्या गोदी कामगारांची मोजदाद पाहता मोठा आकडाच खऱ्याच्या जवळ असावा. ब्रिटिश सरकारने बातमी दडपली, परंतु जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी दिली. मुंबई अग्निशमन दलाच्या भायखळा मुख्यालयात हुतात्म्यांचे स्मारक आहे आणि दर वर्षी तेथे मानवंदना दिली जाते.

१९८६ : बांगलादेशातील गोपालगंज भागात गारपिटीत ९२ जणांचा बळी गेला. येथे पडलेली १.०२ किलोग्रॅमची गार ही आजवर नोंदलेली सर्वांत जड गार होय.

१९९४ : उत्तर इराकमध्ये अमेरिकी लढाऊ विमानांनी स्वतःच्याच सैन्याची दोन हेलिकॉप्टरे शत्रूची समजून पाडली, २६ ठार.

१९९९ : सिडनीत गारपीट. जीवितहानी अल्प, विम्याची भरपाई १७० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात.

२०१० : आइसलँडमधील एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीचा हिमनदीखालून उद्रेक झाला व राखेमुळे युरोपातील विमानवाहतूक अनेक दिवस ठप्प झाली. त्याच दिवशी सकाळी चीनच्या छिंगहाय प्रांतातील यूशू येथे भूकंप होऊन सुमारे २,७०० माणसे मेली. माती-लाकडाची घरे पहिल्याच धक्क्यात बसली. हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंच. विरळ हवेमुळे मदतीला आलेले अनेक जवान स्वतःच आजारी पडले.