स्त्रियांचे सांघिक खेळ व कॉलेजचे मैदान

नाशिकचे नाव निघाले म्हणजे पंचवटी, गोदेचा घाट व बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ ह्यांचे स्मरण प्रथम होते. चालू शतकात ह्या नावाशी आणखी एक गोष्ट निगडित झाली आहे, ती येथील धावणाऱ्या मुलींची. हरसूलजवळच्या सावरपाडा ह्या आदिवासी वस्तीतील कविता राऊत ह्यांनी २०१० च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. पुढच्याच महिन्यात चीनमधील ग्वांगझो येथे आशियाई स्पर्धांत त्याच शर्यतीत त्यांनी रौप्यपदक पटकाविले. पहिल्या आलेल्या केरळच्या प्रीजा श्रीधरन व त्या ह्यांच्यात पुरत्या एका सेकंदाचेही अंतर नव्हते. २०१७ साली नाशिक जिल्ह्यातीलच संजीवनी जाधव ह्यांनी तैपेई येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धांत दहा हजार मीटरचे रौप्यपदक आणले.

हे यश पाहून अभिमान वाटावा हे साहजिकच आहे; तथापि त्याबरोबर एक प्रश्नही मनात येतो. ज्या मातीत अशा मुली निपजतात, तेथील कॉलेजांच्या मुलींचा फुटबॉलचा संघ गावाच्या तोंडी का नसावा? अंगी बळ नाही असे तर म्हणता येणार नाही. आमच्या मते ह्याचे उत्तर शरीरशास्त्रात नसून इतिहासात आहे.

धावावयास रस्ता पुरतो. अनवाणीही धावता येते, हे कविताबाईंनी हा खेळ पत्करण्याचे एक कारण होते असे त्यांच्याविषयी छापून आलेले आहे. फुटबॉलचे तसे नाही. त्यास अकरा जणी हव्यात, समोर दुसऱ्या अकरा हव्यात, आणि ह्या सर्वांपूर्वी मैदान हवे. ते मैदान नेहमी कोणाच्या तरी ताब्यात असते. म्हणून सांघिक खेळात कर्तबगारीच्या आधी परवानगीचा प्रश्न उभा राहतो.

इंग्लंडचे उदाहरण ह्या दृष्टीने फार बोलके आहे. पहिल्या महायुद्धात प्रेस्टन गावच्या ‘डिक, कर’ कारखान्यात काम करणाऱ्या मुलींनी १९१७ साली संघ काढला व जखमी सैनिकांच्या मदतीसाठी सामने खेळण्यास आरंभ केला. १९२० च्या २६ डिसेंबरास लिव्हरपूल येथे त्यांचा सामना पाहावयास सुमारे ५३,००० लोक लोटले. एवढी लोकप्रियता लाभल्यावर खेळ वाढावयाचा. पण झाले उलटेच. १९२१ च्या डिसेंबरात तेथील फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांस अयोग्य ठरवून आपल्या सभासद क्लबांची मैदाने त्यांस बंद केली. खेळण्यास कायद्याने मनाई नव्हती. काढून घेतली ती केवळ जागा. तेवढ्यानेच तो खेळ सुमारे अर्धशतक मागे पडला.

ह्याच्या उलट अमेरिकेत घडले. १९७२ च्या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्रीपुरुष हा भेद करण्यास बंदी झाली व ती खेळांसही लागू पडली. कॉलेजांतून मुलींचे फुटबॉल संघ निघाले; १९८२ साली राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने त्यांच्यासाठी पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरविली व ती नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने जिंकली. १९९१ साली चीनमध्ये स्त्रियांचा पहिला विश्वचषक अमेरिकेने जिंकला, तेव्हा त्या संघाचे शिक्षक ह्याच विद्यापीठाचे होते आणि अनेक खेळाडूही तेथल्याच. वर्षानुवर्षे ठरल्या दिवशी भरणारे कॉलेजचे सामने ही त्या विजयामागची खरी तालीम होय.

आपल्या देशातही मैदान मिळताच संघ उभे राहतात, हा अनुभव नवा नाही. १९७३ च्या एप्रिलात पुण्यास स्त्रियांच्या क्रिकेटची पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली, तेव्हा मुंबई, महाराष्ट्र व उत्तर प्रदेश असे तीनच संघ आले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस वाराणसीस आठ संघ जमले आणि त्यापुढील कलकत्त्याच्या स्पर्धेत चौदा! एवढ्या अल्प काळात मुलींचे बळ वाढले नव्हते. वाढली होती ती संधी. पुढे सिन्नरच्या माया सोनवणे २०२२ साली देशातील नामवंत खेळाडूंच्या पंक्तीस बसून वीस षटकांच्या स्पर्धेत गोलंदाजी करू शकल्या, त्याचे मूळ ह्या जुन्या खटपटीत आहे. फुटबॉलचीही राष्ट्रीय संघटना १९७५ साली निघाली आणि भारताच्या मुलींनी १९८० साली कालिकत येथे व १९८३ साली बँकॉक येथे आशियाई स्पर्धेचे उपविजेतेपद मिळविले. परंतु मुलींची अखिल भारतीय लीग सुरू व्हावयास २०१६-१७ हा हंगाम उजाडावा लागला. मधल्या काळात एकेका पिढीच्या वाट्यास येणारे सामने किती थोडे असतील ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

कॉलेजच्या मुलीचे खेळाचे वय फार लहान असते. तीनचार वर्षे, म्हणजे फार तर चार हंगाम. पुढे नोकरी, लग्न, बिऱ्हाड ही ओघानेच येतात, आणि बुडालेला हंगाम कोणी तिला परत देत नाही. मुलगा कॉलेजातून बाहेर पडल्यावरही चौकातल्या क्लबात खेळत राहतो. मुलीस ती सोय क्वचितच असते. म्हणून कॉलेजचे मैदान मुलापेक्षा मुलीस अधिक मोलाचे आहे.

२०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नव्या मुंबईत झाला. नाशिकहून तो गाव काही दूर नव्हे. अशा सोहळ्यांचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. पण सोहळा संपतो व पाहुणे परत जातात. त्यानंतर सोमवारी सायंकाळी कॉलेजच्या मैदानावर मुलींसाठी दोन तास राखून ठेवलेले आहेत की नाहीत, आणि पुढच्या शनिवारी त्यांच्याशी खेळावयास दुसऱ्या कॉलेजचा संघ येणार आहे की नाही, ह्यावर पुढचे सर्व अवलंबून आहे. एकटीने धावून नाशिकच्या मुलींनी आपला वाटा उचलला आहे. अकरा जणींनी मिळून खेळावे असे वाटत असेल, तर मैदानाचे वेळापत्रक लिहिणाऱ्यांनी आता आपला उचलावा.