सीक्वेन्सर व बहुभागी सिंथेसायझर-वादन

सीक्वेन्सर हे स्वतः कोणताही नाद निर्माण न करता, कोणता स्वर केव्हा, किती वेळ व किती जोराने वाजवावयाचा याच्या आज्ञा क्रमाने सिंथेसायझरला पुरविणारे उपकरण होय. सिंथेसायझरमध्ये हा नाद विद्युत् मंडलांच्या किंवा अंकीय गणिताच्या साहाय्याने घडविला जातो. दोहोंच्या संयोगाने एकच वादक ताल, खर्जातील स्वरावली, स्वरमेळ व मुख्य चाल असे अनेक भाग एकाच यंत्राकडून एकाच वेळी वाजवून घेऊ शकतो. ही सोय आज सहज वाटत असली, तरी ती साध्य होण्यास सु. तीस वर्षे लागली. त्या काळातील खरी अडचण आज्ञा साठविण्याची नव्हती, तर मोजके आवाज अनेक भागांत वाटून देण्याची होती. येथे ‘आवाज’ म्हणजे एका वेळी एकच स्वर देऊ शकणारी आंदोलक, छानक व विवर्धक यांची साखळी.

छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवर चाल नोंदवून वाद्य वाजविण्याची कल्पना जुनीच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वयंचलित पियानो यूरोप-अमेरिकेत रूढ झाले होते. मेक्सिको सिटीत राहणारे कॉनलन नॅनकॅरो यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा पट्ट्यांवर स्वतः छिद्रे पाडून, मानवी बोटांना अशक्य अशा निरनिराळ्या लयींचे भाग एका पियानोवर एकत्र आणले. हॅरी ओल्सन व हर्बर्ट बेलार यांनी सिद्ध केलेला ‘आरसीए मार्क २’ हा खोलीभर पसरलेला सिंथेसायझर १९५७ साली न्यूयॉर्क येथील कोलंबिया-प्रिन्स्टन केंद्रात बसविण्यात आला. त्याच्या आज्ञाही छिद्रित पट्टीवरूनच येत. मिल्टन बॅबिट यांनी त्यावर चिकाटीने काम केले. परंतु हे यंत्र इतरांच्या हाती फारसे आले नाही.

१९६० च्या दशकात रॉबर्ट मोग व डोनल्ड बुकला यांनी स्वतंत्रपणे विद्युत् दाबाने नियंत्रित होणारी यंत्रे घडविली. मोग यांच्या पद्धतीत दाब १ व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक वर चढतो; म्हणजे एका अर्धस्वरासाठी १/१२ व्होल्ट पुरतो. सीक्वेन्सर म्हणजे अशा दाबांची बटणांची ओळ. मोग यांच्या ‘९६०’ या घटकात आठ-आठ बटणांच्या तीन ओळी होत्या. तीन ओळी तीन आंदोलकांना जोडता येत; परंतु तिन्हींची पावले एकाच वेळी पडत, आणि आठ पावलांनंतर तेच स्वर पुन्हा येत. यातून जे भाग निघत ते स्वतंत्र नव्हेत, एकमेकांच्या सावल्याच होत. तरीही या आवर्तनातूनच एक नवी शैली जन्मली. मॉर्टन सबॉटनिक यांची ‘सिल्व्हर ॲपल्स ऑफ द मून’ (१९६७) ही रचना व जर्मनीतील टँजरिन ड्रीम या गटाची ‘फीड्रा’ (१९७४) ही ध्वनिमुद्रिका ही त्याची ठळक उदाहरणे होत.

खरे बहुभागी संगीत या काळात फितीवरच घडत असे. वेंडी कार्लोस यांनी ‘स्विच्ड-ऑन बाख’ (१९६८) साठी बाखच्या रचनांतील प्रत्येक भाग एकेरी आवाजाच्या मोग यंत्रावर हाताने वाजवून आठ मार्गांच्या ध्वनिफितीवर एकावर एक मुद्रित केला. येथे वाद्यवृंद म्हणजे फीतच होय.

रोलंड कंपनीचा ‘एमसी-८’ (१९७७) हा सूक्ष्मप्रक्रियकावर चालणारा सीक्वेन्सर आल्यावर ही स्थिती पालटली. कॅनडातील राल्फ डाइक यांच्या मूळ आराखड्यावर आधारलेल्या या यंत्रात स्वर, कालावधी व तुटकपणा हे सर्व आकड्यांच्या कळा दाबून भरावे लागे. वादनापेक्षा ते हिशेबनिसाचे काम अधिक होते. तथापि त्यातून आठ स्वतंत्र विद्युत् दाब बाहेर पडत आणि प्रत्येक भागाला आपली लय असे. जपानमधील यलो मॅजिक ऑर्केस्ट्राने या यंत्राचा सर्वांत कल्पक उपयोग केला. मात्र आठ भागांना आठ आवाज लागत, आणि ते घेण्याची ऐपत थोड्यांचीच होती.

त्यापेक्षा स्वस्त मार्ग म्हणजे लहान यंत्रे एकाच स्पंदावर चालविणे. मुंबईतील चित्रपटसंगीताच्या क्षेत्रातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका याच रीतीने केली. तालासाठी ‘टीआर-८०८’, खर्जासाठी ‘टीबी-३०३’ आणि मुख्य रागविस्तारासाठी ‘ज्युपिटर-८’ अशी रोलंडची तीन यंत्रे त्यांनी वापरली. ‘टीबी-३०३’ मधील एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय रागसंगीताला काहीशी मानवणारी होती. ध्वनिमुद्रिका त्या वेळी दुर्लक्षित राहिली. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा शिकागोत १९८७ च्या सुमारास उदयास आलेल्या ‘ॲसिड हाउस’ संगीताशी तिचे असलेले साम्य पाहून पाश्चात्त्य समीक्षकांस आश्चर्य वाटले.

निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांची भाषा जाणत नसत. सीक्वेन्शल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ व रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ‘मिडी’ हा संकेत ठरला, आणि जानेवारी १९८३ मध्ये दोन कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखविण्यात आले. मिडीमध्ये सेकंदाला ३१,२५० अंक वाहतात व १६ वाहिन्या असतात. एक स्वर सुरू करण्याच्या आज्ञेस सु. १ मिलिसेकंद लागतो. म्हणजे एकत्र वाजावयाचे दहा स्वर प्रत्यक्षात एकापाठोपाठ, सु. १० मिलिसेकंदांत निघतात. म्हणून अनुभवी लोक तालवाद्याच्या आज्ञा रांगेत प्रथम ठेवत.

सोळा वाहिन्या मिळाल्या, पण एका यंत्रातून सोळा वाद्ये मिळाली नाहीत. ‘प्रॉफेट-५’ (१९७८) सारख्या वाद्यात पाच आवाज असले, तरी पाचांची नादजाती एकच असे. सीक्वेन्शल सर्किट्सच्या ‘सिक्स-ट्रॅक’ (१९८४) मध्ये सहाही आवाजांना वेगवेगळी जाती देता येऊ लागली. पण प्रत्येक भाग एकेका स्वराचा. एन्सोनिक ‘ईएसक्यू-१’ (१९८६) मध्ये आठ आवाज व आठ मार्गांचा सीक्वेन्सर एकाच पेटीत आले आणि ज्या भागाला जेव्हा गरज असेल तेव्हा त्याला आवाज देण्याची पद्धत अवलंबिली गेली. हिशेब सोपा आहे : स्वरमेळाचे चार, खर्जाचा एक, चालीचा एक, तालाचे दोन. आठ संपले. आता स्वरमेळ बदलताना आधीच्या चार स्वरांची आस अजून विरत असेल, तर नव्या चारांसाठी कोणाचा तरी आवाज काढून घ्यावाच लागतो. यंत्र बहुधा सर्वांत जुना स्वर तोडते, आणि सर्वांत जुना स्वर पुष्कळदा खर्जाचा लांबविलेला स्वर असतो. वाद्यवृंदाचा पायाच मध्येच नाहीसा होतो! यावर उपाय म्हणून काही यंत्रांत प्रत्येक भागासाठी किमान आवाज राखून ठेवण्याची सोय करण्यात आली. रोलंडच्या ‘एमटी-३२’ (१९८७) मध्ये बत्तीस ध्वनिघटक होते. परंतु एका स्वराला चारपर्यंत घटक लागू शकत असल्याने समृद्ध जातीचे स्वर आठच उरत. जाहिरातीतील आकडा व प्रत्यक्ष वादन यांतील हे अंतर जाणणे, हेच या कलेतील पहिले शिक्षण होय.

कोर्गच्या ‘एम१’ (१९८८) मध्ये सोळा आवाज, आठ मार्गांचा सीक्वेन्सर व प्रतिध्वनी इत्यादींचे परिणाम एकत्र आले, आणि ‘वर्कस्टेशन’ ही संज्ञा रूढ झाली. त्यातील परिणामयंत्रे मात्र सर्व भागांत सामाईक असत. त्यामुळे एकटा भरदार वाटणारा नाद वृंदात कोरडा वाटे.

१९९१ साली ठरलेल्या ‘जनरल मिडी’ या प्रमाणाने चोवीस आवाज व १२८ नादांची यादी निश्चित केली. तीत १०५ व्या क्रमांकावर सतार व ११२ व्या क्रमांकावर शहनाई आहे. तबल्याला मात्र तालवाद्यांतही स्थान मिळाले नाही. मींड घेण्यासाठी मिडीत स्वर वाकविण्याची आज्ञा आहे, परंतु ती साऱ्या वाहिनीला लागू होते. सतारीची मींड घेताना त्याच वाहिनीवरील चिकारीही वाकते; म्हणून एका वाद्यासाठी दोन वाहिन्या खर्चाव्या लागतात.

वाजविणाऱ्या माणसांवर या यंत्रांचा झालेला परिणाम लवकरच उघड झाला. ब्रिटनमधील वादक संघाच्या मध्य लंडन शाखेने १९८२ मध्येच सिंथेसायझर व तालयंत्रे यांवर बंदी घालण्याचा ठराव केला. संघाने तो स्वीकारला नाही. मुंबईत चित्रपटगीतांसाठी मोठे वाद्यवृंद जमत, व त्यांत पाश्चात्त्य स्वरलेखन जाणणारे गोमंतकीय वादक मोठ्या संख्येने असत. अँथनी गोन्साल्विस व सेबॅस्टियन डिसूझा यांसारखे संयोजक प्रत्येक वादकाच्या हाती लिहिलेला भाग देत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हे लेखन सीक्वेन्सरच्या स्मृतीत जाऊ लागले आणि पुढील दशकात मोठ्या वृंदाची प्रथा मोडली. व्हायोलिनांच्या रांगा प्रथम गेल्या, कारण समूहाच्या नादाची नक्कल यंत्राला लवकर साधली. बासरी, सारंगी किंवा तबला वाजविणाऱ्यास मात्र बोलावणे येत राहिले. तो एकटाच येई व आधीच तयार असलेल्या भागांवर आपला भाग मुद्रित करून जाई.