अंगी लागणारे लोह

प्रौढ माणसाच्या शरीरात लोहाचा एकूण साठा अवघा तीन ते चार ग्रॅम असतो, आणि त्यातील सुमारे दोन तृतीयांश भाग तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनमध्ये, म्हणजे फुप्फुसातून प्राणवायू उचलून तो शरीरभर पोचवणाऱ्या प्रथिनात, गुंतलेला असतो. जुन्या पेशी मोडल्या की त्यांतील लोह शरीर पुन्हा कामी आणते, त्यामुळे पुरुषाच्या शरीरातून दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम लोह कमी होते. स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीमुळे ही घट वाढते, आणि एका गरोदरपणात गर्भ, वार आणि मातेचे वाढलेले रक्त मिळून सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. गरज इतकी थोडी आणि पदार्थ इतका सर्वत्र आढळणारा असूनही त्याची उणीव पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. याचे कारण असे की पोटात किती लोह गेले आणि त्यातले अंगी किती लागले हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि लोहचिकित्सेचा सारा इतिहास म्हणजे पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्याकडे झालेली संथ वाटचाल आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळावा अध्याय पांडुरोगाला, म्हणजे त्वचा, नखे आणि डोळे फिके पडून थकवा, धाप आणि धडधड सुरू होणाऱ्या विकाराला, वाहिलेला आहे. त्यात सांगितलेल्या नवायस चूर्णात सुंठ, मिरी, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, वावडिंग आणि चित्रक या नऊ औषधींचा प्रत्येकी एक भाग आणि त्या सर्वांइतके, म्हणजे नऊ भाग, लोहचूर्ण असते, आणि ते मध व तूप यांसह चाटण म्हणून घ्यायचे असते. त्याच अध्यायात मंडुराचेही योग आहेत; मंडूर म्हणजे लोखंड तापवताना निघणारे कीट, जे जमिनीत जितके जुने झालेले असेल तितके उत्तम असे पुढील काळातील रसग्रंथ मानतात आणि शंभर वर्षांच्या मंडुराला पहिला मान देतात.

सुश्रुतसंहितेतील अयस्कृती या कल्पात लोखंडाचे पातळ पत्रे मिठाने माखून शेणीच्या विस्तवावर लाल होईपर्यंत तापवायचे आणि त्रिफळा व इतर औषधींच्या काढ्यांत सोळा वेळा विझवायचे, मग त्यांचे सूक्ष्म चूर्ण करून ते जाड कापडातून गाळायचे, असा विधी येतो. रसशास्त्राने हीच दिशा पुढे नेली आणि भस्म सिद्ध झाले की नाही हे ठरवण्याच्या कसोट्या घालून दिल्या: चिमूटभर भस्म स्थिर पाण्यावर तरंगले तर ते वारितर आणि अंगठा व तर्जनी यांत चोळल्यावर बोटांच्या रेषांमध्ये शिरून बसले तर ते रेखापूर्ण म्हणावे. धातू जसाच्या तसा पोटात गेल्याने भागत नाही, त्याचे रूप पालटावे लागते, एवढी जाण या सगळ्या खटाटोपामागे निश्चितच आहे. मात्र आवळ्यातील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणाला मदत करते हे प्राचीनांना ठाऊक होते, असे जे हल्ली सर्रास लिहिले जाते ते धाडसाचे आहे, कारण त्याच त्रिफळ्यातील हिरडा आणि बेहडा यांत भरपूर असणारी तुरट द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात, आणि तयार भस्म हे मुख्यतः लोहाचे ऑक्साइड, म्हणजे सहजासहजी न विरघळणारे संयुग, असते. या औषधांचा मान त्यांच्या निरीक्षणासाठी राखावा. त्यांच्यावर आजचे रसायनशास्त्र लादण्याची गरज नाही.

युरोपात सतराव्या शतकात टॉमस सिडनहॅम हा इंग्रज वैद्य फिकटलेल्या रुग्णांना मद्यात भिजवलेल्या लोखंडाच्या किसाचा अर्क देत असे. १७४६ मध्ये बोलोन्याच्या व्हिन्चेन्झो मेंगीनी याने वाळवलेल्या रक्ताची पूड लोहचुंबकाकडे ओढली जाते हे दाखवून रक्तात लोह असल्याचे सिद्ध केले, आणि १८३२ मध्ये फ्रान्समधील पिएर ब्लो याने फेरस सल्फेट व पोटॅशियम कार्बोनेट यांची गोळी प्रचारात आणली, जी पुढे शंभर वर्षे त्याच्याच नावाने खपली. गोळ्यांनी रोगी सुधारत होते, पण शतकाच्या अखेरीस गुस्ताव्ह बुंगे या नामांकित रसायनज्ञाने असा पक्ष मांडला की खनिज लोह मुळी शोषलेच जात नाही, ते केवळ आतड्यातील हायड्रोजन सल्फाइड वायूला अडकवून अन्नातील लोहाचा बचाव करते. रॉबर्ट स्टॉकमन याने १८९३ मध्ये यावर जे उत्तर दिले ते आजही नमुनेदार वाटते: त्याने काही रुग्ण मुलींना लोह त्वचेखाली टोचून दिले, तर काहींना पोटातून लोहाचे सल्फाइड दिले, ज्याला आणखी सल्फाइड अडकवता येणे शक्यच नव्हते, आणि दोन्ही गटांचे रक्त सुधारले.

या इतिहासातील मुंबईचे प्रकरण अधिक सविस्तर सांगण्याजोगे आहे, कारण आज गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांत मिळणाऱ्या गोळीचा अर्धा वारसा परळचा आहे. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी उभ्या राहिलेल्या आणि १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी बाळंतपणातील मृत्यूंची पाहणी हाती घेतली होती, आणि तीत गरोदर स्त्रियांमधील एक घातक रक्तक्षय वारंवार समोर येत होता. त्याचा छडा लावण्यासाठी १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्रज रक्तविकारतज्ज्ञ मुंबईत आल्या. हा काळ गिरणगावाच्या दृष्टीने विलक्षण होता: त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर कापडगिरण्यांचा मोठा संप चालला, जुलैमध्ये मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाला ठाम पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. भत्त्याचा प्रश्न कायदेमंडळात आणि रक्ताचा प्रश्न प्रयोगशाळेत एकाच वेळी, आणि पुष्कळदा त्याच वर्गातील स्त्रियांविषयी, चर्चिला जात होता, हा योग इतिहासकारांनी क्वचितच एकत्र पाहिला आहे.

विल्स यांनी रक्ताबरोबर ताटही तपासले. एस. एन. तळपदे यांच्यासह १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांचा आहार आणि राहणीमान नोंदवले, आणि रोगाचे मूळ जंतूंपेक्षा अन्नात शोधले पाहिजे या मतावर त्या आल्या. या विकारात तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत, तर लोहाच्या उणिवेत त्या लहान आणि फिक्या होतात. म्हणजे नुसते लोह देऊन हा रोग हटणारा नव्हता. निलगिरीतील कुन्नूर येथे त्यांनी मुंबईच्या गरीब स्त्रियांसारखा आहार देऊन उंदरांवर प्रयोग केले, पण उंदरांच्या अंगावरील उवांमुळे पसरणाऱ्या संसर्गाने निष्कर्ष गढूळ झाले, म्हणून त्या माकडांकडे वळल्या आणि तेथे यीस्टचा अर्क, म्हणजे पावावर लावून खाल्ला जाणारा मार्माइट हा स्वस्त खारट पदार्थ, गुणकारी ठरला. तोच अर्क गरोदर रुग्ण स्त्रियांना दिल्यावर त्यांचे रक्त झपाट्याने भरून आले, आणि १९३१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या अर्कातील अनाम घटक काही वर्षे ‘विल्स घटक’ म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळ्या केलेल्या द्रव्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले आणि दोन्हींचे नाते पुढे उलगडले. पांडुरोग एक नसून अनेक आहेत, आणि एकाच शरीरात दोन उणिवा शेजारी शेजारी नांदू शकतात, हा परळच्या कामाचा खरा धडा होता, आणि तो पुढे वारंवार विसरला गेला.

अन्नातील लोह मोजण्याचा उद्योगही याच सुमारास सुरू झाला. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पहिली कोष्टके निघाली. ती संस्था १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली, आणि सी. गोपालन व सहकाऱ्यांनी वाढवलेली कोष्टके घराघरांतील आहारविषयक लेखनाचा आधार बनली. त्यांत शंभर ग्रॅम पोह्यांमध्ये २० मिलिग्रॅम आणि अळीवात तब्बल १०० मिलिग्रॅम लोह दाखवलेले आहे. ज्या तांदळापासून पोहे होतात त्यात एवढे लोह नसते. भिजवलेले धान लोखंडी भांड्यात भाजून लोखंडी यंत्रात चेपताना धातूचे कण त्यात मिसळतात, आणि असे वरून आलेले लोह बहुतांशी अंगी लागत नाही. २०१७ च्या नव्या कोष्टकांत, नमुने काळजीपूर्वक घेऊन मोजल्यावर, पोह्यांचा आकडा साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास आला. तरीही जुने आकडे आजही पाककृतींच्या पुस्तकांत आणि आहारतक्त्यांत छापले जातात, ही खेदाची गोष्ट आहे, कारण त्यांच्या भरवशावर गरोदर स्त्रीला तिची गरज भागल्याचे सांगितले जाते.

शिवाय धान्य आणि कडधान्यांत फायटेट नावाचे द्रव्य असते, जे आतड्यात लोहाला घट्ट धरून ठेवते. चहातील टॅनिन हेच करते. त्यामुळे भाकरी, वरण आणि जेवणावर चहा अशा आहारातील लोहाचा फार थोडा अंश, साधारणतः शंभरात तीन ते पाच भाग, रक्तापर्यंत पोचतो, तर मांसाहारातील हीम लोह, म्हणजे हिमोग्लोबिनच्या रूपातच आलेले लोह, याच्या कितीतरी पट अधिक शोषले जाते. लिंबू पिळणे, कडधान्याला मोड आणणे, पीठ आंबवणे या स्वयंपाकघरातील जुन्या सवयी हा अडसर सैल करतात. लोखंडी कढईचे श्रेय मात्र मोजून द्यावे लागते: आंबट पदार्थ लोखंडात शिजवला तर लोह उतरते, पण मराठी घरांत आमसूल वा चिंच घातलेली आमटी काळी पडते म्हणून ती कल्हईच्या भांड्यात शिजत असे आणि लोखंडाकडे तवा, पळी, विळी आणि परतण्याची भाजी एवढेच येई.

अळिवाच्या लाडवांबाबत अधिक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून, खोवलेले खोबरे आणि गूळ घालून मंद आचेवर आटवलेले हे लाडू बाळंतिणीला दूध यावे, शक्ती भरून यावी म्हणून आवर्जून दिले जातात, आणि त्यामागची माया खरी आहे. परंतु लोहाची गरज शिगेला पोचते ती गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत, जेव्हा अनेक घरांत बाळ मोठे होऊन बाळंतपण जड जाईल या भीतीने जेवण कमीच केले जाई, आणि जी बाई सर्वांची पाने उरकल्यावर जेवायला बसते तिच्या वाट्याला उरलेसुरलेच येई. याउलट शरीर स्वतःकडून प्रयत्नात कसूर करत नाही: हैदराबादच्या संस्थेतील आपटे आणि अय्यंगार यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की गरोदरपण जसजसे पुढे सरकते तसतसे आहारातील लोहाचे शोषण वाढत जाते.

त्याच वर्षी केंद्र सरकारने पोषणजन्य रक्तक्षय प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि गरोदर स्त्रीला शंभर दिवस, रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असलेली गोळी देण्याचे ठरले. ब्लोचा आणि विल्स यांचा वारसा एका गोळीत आला. १९८०च्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अकरा राज्यांत मूल्यमापन केले तेव्हा परिणाम निराशाजनक आढळला. यावर १९९१ मध्ये लोहाची मात्रा १०० मिलिग्रॅम करण्यात आली, म्हणजे गोळी पोचत नाही आणि पोचली तरी मळमळ, बद्धकोष्ठता व काळे शौच यांमुळे घेतली जात नाही या अडचणीवर गोळी मोठी करण्याचा तोडगा निघाला, जो चुकीचा होता. २०१८ च्या ॲनिमियामुक्त भारत मोहिमेत मात्रा पुन्हा ६० मिलिग्रॅमवर आली, गरोदर स्त्रियांसाठी १८० दिवसांची लाल गोळी, किशोरवयीनांसाठी आठवड्याला एक निळी आणि लहान शाळकरी मुलांसाठी गुलाबी गोळी ठरली. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांतील रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मधील ५३ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ५७ टक्क्यांवर गेले, जरी बोटातून घेतलेल्या थेंबावरची ही मोजणी आणि शिरेतून घेतलेल्या रक्तावरची मोजणी यांत फरक पडतो हेही ध्यानात घ्यावे लागते.

यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक आतड्यातून लोह आत घेण्याचे दार उघडते-मिटते, हा शोध एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा आहे. झुरिकमधील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की एका गोळीनंतर हेप्सिडिन चोवीस तास वाढलेले राहते, त्यामुळे लोहाचा साठा घटलेल्या स्त्रियांत गोळी दिवसाआड घेतल्यास दर गोळीमागे अधिक लोह शोषले जाते; गरोदर स्त्रीने मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय आपला क्रम बदलू नये. आहाराच्या बाजूने महाराष्ट्रात झालेला प्रयत्न बाजरीचा आहे. नेहमीच्या पैदासीनेच लोह वाढवलेला धनशक्ती हा वाण इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून शेतकऱ्यांपर्यंत आला, आणि राज्यातील १२ ते १६ वयाच्या २४६ विद्यार्थ्यांना या बाजरीची किंवा साध्या बाजरीची भाकरी व शेव सहा महिने खाऊ घालून चाचणी घेण्यात आली. सुरुवातीला लोहाची उणीव असलेल्या मुलांपैकी धनशक्तीची भाकरी खाणाऱ्यांची उणीव सहा महिन्यांत दूर होण्याची शक्यता साध्या बाजरीच्या मुलांपेक्षा सुमारे दीडपट अधिक आढळली, आणि ती भाकरी नेहमीच्याच तव्यावर भाजलेली होती.