चरबी मोजणारं मशीन नेमकं काय मोजतं?

मागच्या महिन्यात आमच्या भागात मोफत आरोग्य शिबिर झालं. मंडप, बॅनर, सत्कार, सगळं रीतसर. सगळ्यात मोठी रांग होती ती चरबी मोजायच्या मशीनपुढे. चपला काढून चकचकीत पट्ट्यांवर उभं राहायचं, काही सेकंदांत आकडा येतो. आमच्या कारखान्यातला जॉबर उभा राहिला. हातपाय काटकुळे, पोट मात्र जरा पुढे. आकडा आला १९ टक्के. टेबलामागचा मुलगा म्हणाला, "एकदम फिट!" शेजारच्या टेबलावर रक्तातली साखर फुकट बघत होते म्हणून त्याने तीही तपासून घेतली. उपाशीपोटी १६८.

मी पण दोनदा उभा राहिलो. पहिल्यांदा खरं वय सांगितलं, दुसऱ्यांदा वीस वर्षं कमी. चरबीचा आकडा लगेच खाली आला. पाय तेच, पोट तेच, मिनिटभराचं अंतर. तेव्हापासून या मशीनचा इतिहास वाचतोय. पोस्ट लांब आहे, पण शिबिरांचा मोसम आहे, म्हणून लिहितो.

भिवंडीकरांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. पावसाळ्यात सूत जड होतं. कापूस हवेतलं पाणी ओढतो, म्हणून सुती धाग्याच्या व्यवहारात ८.५ टक्के ओल धरून वजनाचा हिशेब करतात. ही ओल तपासायला मीटर असतो. सुया कोनात खुपसायच्या, आत वीज किती सहज वाहते ते तो बघतो. कोरडं सूत विजेला अडवतं, ओलं जाऊ देतं. शिबिरातलं मशीन हे त्या मीटरचंच भावंड. एका पायातून बारीकसा प्रवाह सोडायचा, दुसऱ्या पायातून परत घ्यायचा, वाटेत अडथळा किती झाला ते मोजायचं. रक्त आणि स्नायूंत खारं पाणी भरपूर, तिथून वीज जाते. चरबीत पाणी कमी, तिथे अडते.

म्हणजे मशीन मोजतं तो विजेचा अडथळा. त्यावरून पाण्याचा अंदाज. पाण्यावरून चरबी सोडून उरलेल्या शरीराचा अंदाज, कारण त्या भागात साधारण ७३ टक्के पाणी असतं असं धरलंय. मग एकूण वजनातून ते वजा केलं की उरली ती चरबी. चरबी कुणी मोजलेलीच नाही, ती वजाबाकीत उरलेली बाकी आहे. पाण्याच्या अंदाजात एक लिटरची चूक झाली, तर ६० किलोच्या माणसाचा चरबीचा आकडा दोन टक्क्यांहून जास्त सरकतो. बारा तास लूमवर घाम गाळून आलेल्या कामगाराच्या अंगातलं एक लिटर पाणी कुठे जातं, ते तुम्हीच सांगा.

हे मशीन मुळात चरबीसाठी निघालंच नव्हतं. फ्रान्समध्ये थोमासे नावाच्या डॉक्टरांनी १९६२-६३ च्या सुमारास कातडीखाली सुया घालून शरीरातल्या पाण्याचा अंदाज घ्यायचा प्रयत्न केला. १९६९ मध्ये अमेरिकेत हॉफर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की उंचीच्या वर्गाला अडथळ्याने भागलं तर येणारा आकडा शरीरातल्या एकूण पाण्याशी चांगला जुळतो. तिथपर्यंत गोष्ट पाण्याचीच होती. पुढे मशीन बाजारात आलं, आणि गिऱ्हाइकाला पाण्यात काय रस? त्याला चरबी हवी. मग कंपन्यांनी काही माणसांची चरबी दुसऱ्या पद्धतींनी मोजून वय, लिंग, उंची, वजन आणि अडथळा यांची समीकरणं बसवली. माझं वय बदलल्यावर आकडा का बदलला, त्याचं उत्तर इथे आहे. ज्यांच्यावरून समीकरण बसवलं, त्या माणसांची सरासरी आपल्या अंगावर चढवली जाते.

१९९४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने यावर खास परिषद भरवली होती. निकाल साधारण असा, की पाण्याचा अंदाज म्हणून तंत्र चांगलं आहे, पण माणूस उभा की आडवा, खाल्लंय की नाही, पाणी प्यायलाय का, कातडी गरम आहे का, नुकती मेहनत केलीय का, या सगळ्याने आकडा हलतो. एका माणसात थोड्या काळात झालेला बदल त्यावरून धरू नये. आणि आपल्याकडे दर पंधरा दिवसांनी मशीनवर उभं करून "बघा, दीड टक्का उतरला" म्हणत पावडरचा डबा हातात देतात!

आता पुण्याकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या गावांमध्ये गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. बाळांचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमध्ये ३.५. मग टेपने पोटाचा, दंडाचा घेर मोजला, चिमट्यासारख्या साधनाने पाठीवरच्या कातडीची घडी मोजली. आपली बाळं सगळ्या बाबतीत लहान, पण सारखी लहान नाहीत. पोटातले अवयव आणि स्नायू फार कमी, कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ टिकून. दिसायला बारीक, आतून चरबीदार. 'थिन-फॅट' हे नाव त्यातूनच रुळलं.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात याज्ञिकांचा आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. एक्स-रेच्या डेक्सा तंत्राने चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२. वजनकाटा आणि उंचीची पट्टी यांच्या लेखी दोघे सारखे. एका पुणेकर डॉक्टरने स्वतःचाच फोटो आणि आकडा जगापुढे ठेवला, याचं मला फार कौतुक वाटतं. पुढे भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ २५ वरून २३ वर आणली गेली, त्यामागे अशाच कामांचा आधार आहे.

मग कुणी म्हणेल, बीएमआय फसवतो, तर हे मशीन चांगलंच की! इथेच गोम आहे. वायरिंगचं काम केलेल्याला माहीत असतं, बारीक वायरचा रेझिस्टन्स जास्त, जाड वायरचा कमी. माणसाचे हातपाय म्हणजे बारीक वायरी, धड म्हणजे जाड केबल. शरीराचं जवळपास निम्मं वजन धडात, पण एकूण अडथळ्यात त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. फक्त पायाच्या पट्ट्या असलेल्या मशीनमध्ये तर प्रवाह एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो, पोटाला जेमतेम शिवतो. आपल्या लोकांना मधुमेहाकडे नेणारी चरबी असते नेमकी पोटात. जॉबरचे पाय तपासले गेले, पोट राहिलं.

मशीन अगदी टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. हात आणि पाय दोन्हींना पट्ट्या असलेली महागडी यंत्रं बरी असतात. शेकडो लोकांच्या सर्व्हेत सरासरी काढायला त्यांचा उपयोग होतो. डायलिसिसच्या रुग्णाच्या अंगात पाणी किती साचलंय याचा अंदाजही याच तंत्राने घेतात, म्हणजे ते परत आपल्या मूळच्या पाण्याच्या कामावर येतं. एक सावधगिरी मात्र रांगेतल्या सगळ्यांना आधी सांगायला हवी, पेसमेकर बसवलेल्याने त्यावर पाय ठेवू नये. आमच्या शिबिरात कुणी विचारलं नाही.

गावातल्या गोदामांबाहेर धरमकाटे आहेत. त्यांची तपासणी होते, शिक्का बसतो, कारण प्रमाणित माप ठेवून काटा खरा की खोटा ते बघता येतं. चरबीच्या मशीनवर ठेवायला २१ टक्क्यांचा प्रमाणित माणूस कुठून आणणार?

आयोजकांना भेटून आलो. त्यांना म्हटलं, टेप लावा. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली, की साखर आणि बीपी तपासायला पाठवायचं, ही मापं डॉक्टरांनीच ठरवून दिलेली आहेत. ते म्हणाले, "भाऊ, मशीन बघायलाच तर लोक येतात." खोटं नाही ते. पुढच्या रविवारच्या शिबिरासाठी मशीन आधीच ठरलंय, पण त्याच्या आधी एक टेबल टेप आणि साखरेचं लावायला त्यांनी होकार दिलाय. टेप मी नेतोय. मापं लिहून घ्यायला दोन पोरं हवीत, सकाळी आठला, उपाशीपोटी येणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत.